हॉलंडची पीटभूमी : वसाहत, निचरा आणि खचत गेलेली जमीन

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



'पीट' हा शब्द आपण सर्वांनी शालेय भूगोलात वाचलेला असतो. कोळशाचे चार प्रकार सांगा, असा प्रश्न आला की पीट, लिग्नाइट, बिट्युमिनस आणि अँथ्रासाइट अशी यादी आपण तयार ठेवतो. त्या यादीतली सर्वांत कनिष्ठ पायरी म्हणून पीटची बोळवण होते आणि त्याचा पुढे विचार केला जात नाही. आज मला त्याच पीटविषयी बोलायचे आहे. मात्र इंधन म्हणून त्याच्याकडे न पाहता जमीन म्हणून पाहावे, असे मी सुचवतो. माणसाने ज्या जमिनीवर घर बांधले, शेत नांगरले आणि बाजार भरवला, ती जमीनच जर कुजलेल्या वनस्पतींची आणि नव्वद टक्के पाण्याची बनलेली असेल तर काय घडते, हा पुरातत्त्वाचा एक विलक्षण विषय आहे. त्याचे सर्वाधिक अभ्यासले गेलेले उदाहरण नेदरलँड्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे मूळच्या हॉलंड प्रांतात आहे.

या देशाविषयी एक समजूत सर्वत्र रूढ आहे. डच लोकांनी समुद्र हटवून जमीन मिळवली, असे आपण ऐकतो आणि उत्तरपत्रिकेत लिहितोही. सतराव्या शतकात तलाव उपसून तयार केलेल्या बेमस्टरसारख्या पोल्डरांच्या बाबतीत किंवा विसाव्या शतकातील झायडर झी योजनेच्या बाबतीत यात तथ्य आहे. परंतु हॉलंडच्या विस्तीर्ण पीटपट्ट्याची कथा जवळजवळ उलट आहे. तेथे माणूस आला तेव्हा जमीन समुद्रसपाटीच्या वर होती. ती समुद्रसपाटीच्या खाली गेली, ती माणसाने तिचा निचरा केल्यानंतर. हा उलगडा कसा झाला आणि त्याचा आजच्या धोरणाशी काय संबंध आहे, हे आपण पाहू.

प्रथम पीट तयार कसे होते ते समजून घेतले पाहिजे. शेवटच्या हिमयुगानंतर समुद्राची पातळी वाढू लागली. तिच्याबरोबर किनाऱ्यालगतच्या सखल प्रदेशातील भूजलही वर आले. पुढे वाढीचा वेग मंदावला, किनाऱ्यावर वाळूचे बांध आणि टेकड्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या मागे पाणी तुंबून अफाट दलदल पसरली. लव्हाळे, बोरू, भूर्ज आणि आल्डरची झाडे, शेवटी पावसाच्या पाण्यावर जगणारे स्फॅग्नम नावाचे शेवाळ अशी वनस्पतींची एकामागून एक पिढी तेथे वाढली आणि मेली. पाण्यात प्राणवायू नसल्याने ती पूर्णपणे कुजली नाही. वर्षाला साधारण एक मिलिमीटर या संथ गतीने थर चढत गेले. हजारो वर्षांत या स्फॅग्नमचे प्रचंड घुमट तयार झाले. त्यांचा मध्यभाग कडांपेक्षा आणि समुद्रसपाटीपेक्षा कित्येक मीटर उंच असे. स्पंजाचा एक विशाल डोंगर पावसाचे पाणी धरून उभा आहे, अशी कल्पना करा. पुढील सर्व इतिहास या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

वाळूच्या टेकाडांवरील माणसे

या दलदलीत माणूस मध्ययुगात प्रथम शिरला, असे मात्र समजू नका. रॉटरडॅम बंदरापासून जर्मनीच्या सीमेपर्यंत मालवाहतुकीचा रेल्वेमार्ग टाकायचे ठरले, तेव्हा मार्गातील हार्डिंक्सफेल्ड-गीसेनडाम या गावाजवळ पीटाच्या आणि चिकणमातीच्या अनेक मीटर जाड थरांखाली नदीकाठच्या जुन्या वाळूच्या टेकड्या दडलेल्या आहेत, असे भूछिद्रांवरून दिसले. १९९७-९८ मध्ये लायडन विद्यापीठाचे लेंडर्ट लाउवे कोइमान्स यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे उत्खनन झाले. सुमारे साडेसात हजार वर्षांपूर्वीच्या एका प्रौढ स्त्रीचा सांगाडा मिळाला. डच जनतेने तिला 'ट्रायन्त्ये' असे लाडके नाव दिले. तिच्यासोबत माशांची व पक्ष्यांची हाडे, हाडांची हत्यारे, एकाच खोडातून कोरलेली होडी असा ऐवज हाती आला. हाडांवरून ऋतू ओळखता येतो. कोणते पक्षी कोणत्या महिन्यात त्या प्रदेशात असतात हे ठाऊक असल्याने, यांपैकी एक ठिकाण हे हिवाळी मुक्कामाचे होते असा निष्कर्ष काढता आला. पाणी वर चढत गेले, पीट वाढत गेले आणि अखेर या टेकड्या त्यात बुडाल्या.

इतकी हाडे आणि इतके लाकूड टिकले कसे? ज्या कारणाने वनस्पती कुजल्या नाहीत, त्याच कारणाने. प्राणवायूविरहित ओलावा हा पुरातत्त्वज्ञाचा सर्वांत मोठा मित्र होय. इंग्लंडमधील सॉमरसेटच्या किनारी पीटभूमीत १९७० मध्ये सापडलेला 'स्वीट ट्रॅक' हा लाकडी फळ्यांचा पायरस्ता याच कारणाने शाबूत राहिला. त्यासाठी वापरलेल्या झाडांच्या वार्षिक वलयांवरून ती झाडे इ. स. पू. ३८०७-३८०६ च्या हिवाळ्यात किंवा वसंताच्या आरंभी तोडली गेली, हे सांगता आले. सहा हजार वर्षांपूर्वीच्या घटनेची तारीख एका हंगामापर्यंत निश्चित करता येणे, ही सोय कोरड्या प्रदेशातील संशोधकाच्या वाट्याला क्वचितच येते.

लोहयुगात, म्हणजे इ. स. पूर्व पहिल्या सहस्रकात, माणसे थेट पीटावर राहू लागली. अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठाने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून आसेनडेल्फ्ट गावाच्या पोल्डरांमध्ये जे संशोधन केले, त्यातून याचे कारण उमगले. भरती-ओहोटीच्या खाड्या पीटभूमीत जेथे घुसत, तेथे पीटाच्या कडेचे पाणी आपोआप झिरपून जाई. असा पट्टा गवताळ होई, गुरे चारता येत, आणि लाकडी खांबांचे लांबट घर उभारता येई. घराच्या एका टोकाला माणसे, दुसऱ्या टोकाला गुरे. निचरा निसर्गाने केला होता. माणसाने त्याचा लाभ घेतला. रॉटरडॅमजवळच्या व्लार्डिंगेन येथे मात्र रोमन काळाच्या आसपास माणूस स्वतः पाण्याचे नियमन करताना दिसतो. लहान खाडीवर मातीचा बंधारा घालायचा, त्यात पोकळ केलेले झाडाचे खोड आडवे बसवायचे आणि त्याच्या समुद्राकडील तोंडाला लाकडी झडप लावायची. ओहोटीला आतले पाणी झडप ढकलून बाहेर पडते आणि भरतीला बाहेरचे पाणी तीच झडप दाबून बंद करते. कोकणातील खारबंदिस्तीची 'उघाडी' किंवा गोव्यातील खाजणांचे 'मानस' ज्यांनी पाहिले असेल, त्यांना ही युक्ती लगेच ओळखू येईल. खाजणजमीन पीटाची नसते, ती गाळाची असते. पण चंद्रसूर्याच्या ओढीला चौकीदार नेमण्याची कल्पना दोन्हीकडे स्वतंत्रपणे सुचली असावी.

याच काळात दक्षिणेकडील झीलँडमध्ये रोमन साम्राज्याच्या आश्रयाने मिठाचा व्यापार चालत होता. १९७० मध्ये पूर्व शेल्ड खाडीत मच्छीमारांच्या जाळ्यात नेहालेनिया देवीच्या दगडी वेदी आल्या. त्यांवरील लेखांत मिठाचे व्यापारी, माशांच्या रशाचे व्यापारी यांची नावे आहेत. देवीचे मंदिर जेथे होते ती भूमी आज पाण्याखाली आहे. निचरा आणि पीटाची खोदाई यांमुळे तेथील जमीन खचली आणि समुद्राला वाट मिळाली, असे अनेक भूशास्त्रज्ञ मानतात. तिसऱ्या शतकानंतर या किनारपट्टीचा मोठा भाग निर्मनुष्य झाला. रोमन सत्तेचा ऱ्हास हेही त्याचे एक कारण होते. सारा दोष पाण्याला देता येत नाही.

महानिचऱ्याचा काळ

दहाव्या ते तेराव्या शतकांत जे घडले त्याला डच इतिहासकार 'महान जमीन-उद्धार' असे म्हणतात. हॉलंडचा काउंट आणि उट्रेक्टचा बिशप हे या ओसाड पीटभूमीचे मालक म्हणवत. त्यांनी वसाहतकऱ्यांच्या गटांशी करार केले. अशा कराराला 'कोपे' म्हणत. बोस्कोप, न्यूकोप या आजच्या गावांच्या नावांत तो शब्द शिल्लक आहे. ज्यांना नकाशा वाचण्याची आवड आहे त्यांनी हेही लक्षात ठेवावे की नावाच्या शेवटी 'वेन' असेल तर तेथे पीट होते आणि 'डॅम' असेल तर तेथे नदीला बांध घातला गेला.

करारातील जमिनीची मापे ठरलेली होती. प्रत्येक कुटुंबाला सुमारे ११० मीटर रुंद आणि साधारण १२५० मीटर लांब अशी पट्टी मिळे. म्हणजे जवळपास १४ हेक्टर. काही ठिकाणी लांबी याच्या दुप्पट असे. नदीचा किंवा ओढ्याचा काठ ही पायारेषा. तेथे घर बांधायचे आणि पाठीमागे घुमटाच्या दिशेने सरळ रेषेत समांतर चर खणत जायचे. घुमट उंच असल्याने पाणी उतारावरून आपोआप नदीत येई. पंप नको, पवनचक्की नको, सुरुवातीला समुद्रबांधही नको. फक्त कुदळ, फावडे आणि शेजाऱ्याशी समझोता. आजही उपग्रहाच्या चित्रात हॉलंडचा प्रदेश फणीच्या दात्यांसारखा दिसतो, ते हेच चर.

वसाहतकऱ्यांना मिळाले काय, हा प्रश्न विकासाच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे. त्यांना मिळाले ते व्यक्तिस्वातंत्र्य आणि जमिनीवरचा वंशपरंपरागत हक्क. बदल्यात नाममात्र वार्षिक कर आणि चर्चचा दशमांश. हा नमुना इतका यशस्वी ठरला की हॉलंडच्या शेतकऱ्यांना परदेशातून बोलावणे येऊ लागले. ब्रेमेनच्या आर्चबिशपने बाराव्या शतकाच्या आरंभी त्यांच्याशी केलेला करार उपलब्ध आहे. त्याची तारीख काही जण ११०६ मानतात, तर काही १११३. त्यांच्या मोजणीच्या काठीने ७२० काठ्या लांब आणि ३० काठ्या रुंद अशी जमीन, तिच्यासाठी वर्षाला एक दिनार आणि पिकाच्या अकरा पेंढ्यांमागे एक पेंढी, अशा त्याच्या अटी आहेत. सरंजामशाही युरोपात, जेथे बहुसंख्य शेतकरी जमिनीला जखडलेले होते, तेथे या अटी उदार म्हणाव्या लागतील. निकृष्ट जमिनीवर माणसे न्यायची तर त्यांना स्वातंत्र्य द्यावे लागते, हे सत्ताधाऱ्यांना कळले होते.

आता निचऱ्याचा परिणाम पाहा. पाणी काढून घेतले की पीट दोन प्रकारे खाली बसते. पहिला प्रकार यांत्रिक आहे. पाण्याचा आधार गेल्याने थर आकसतात आणि दबतात. दुसरा प्रकार रासायनिक असून तो अधिक घातक आहे. हवा आत शिरते, सूक्ष्मजीव कामाला लागतात आणि हजारो वर्षे साठलेला कार्बन वायुरूपाने उडून जातो. जमीन अक्षरशः हवेत विरते. पहिल्या पिढीने राय आणि इतर धान्ये पिकवली. काही पिढ्यांनंतर जमीन इतकी खाली आली की ती पुन्हा ओली झाली. मग चर अधिक खोल केले, त्यामुळे ती आणखी खचली. या चक्राला अंत नव्हता. चौदाव्या-पंधराव्या शतकापर्यंत बहुतेक ठिकाणी धान्यशेती अशक्य होऊन गवत आणि गुरे एवढाच पर्याय उरला.

पुरातत्त्वाने या प्रक्रियेचा पुरावा कसा मिळवला, हे सांगण्यासारखे आहे. कारण येथे नेहमीची पद्धत उपयोगी पडत नाही. सामान्यतः जुने खाली आणि नवे वर असा थरांचा क्रम असतो. पीटभूमीत वरचा थरच नाहीसा झालेला असतो. अकराव्या शतकातील माणूस ज्या पृष्ठभागावर चालला तो आज अस्तित्वात नाही. त्याची फुटकी मडकी मात्र खाली उतरत उतरत आजच्या गवताच्या मुळाशी येऊन थांबली आहेत. म्हणून संशोधक गुराखी फिरतात तशी शेते पालथी घालतात, चरांतून उपसलेल्या मातीत खापऱ्या शोधतात आणि त्यांची ठिकाणे नकाशावर मांडतात. अ‍ॅम्स्टरडॅमच्या उत्तरेला वॉटरलँड भागात अशा पाहणीतून दिसले की गावे एका जागी स्थिर नव्हती. शेताची पट्टी मागे वाढत गेली, पुढचा भाग खचून ओला झाला, तशी घरेही मागे सरकली. शेवटी लोकांनी घराखाली चिकणमातीचे उंचवटे घालून मुक्काम पक्का केला. परागकणांच्या विश्लेषणातून धान्य कधी थांबले आणि कुरणे कधी वाढली, तेही कळते. देशभर विमानातून लेसर किरणांनी केलेल्या उंचीमापनाने अलीकडे या कामाला मोठी गती दिली. काही सेंटिमीटरचा उंचवटाही आता पडद्यावर दिसतो.

सामूहिक पाणीव्यवस्था

जमीन खाली गेल्याने शेजाऱ्याचे पाणी आपल्या शेतात येऊ लागले आणि एकट्याने बांध राखणे निरर्थक ठरले. येथून डच जलमंडळांचा उगम झाला. लायडन परिसरातील राइनलँड मंडळाचा उल्लेख १२५५ च्या सनदेत येतो. ही मंडळे बांधांची तपासणी करीत, दंड बसवीत, कर गोळा करीत. ज्याला आपल्या वाट्याचा बांध राखणे परवडत नसे, तो बांधात फावडे रोवून निघून जाई आणि ते फावडे उपटणारा बांधासह जमिनीचा मालक होई, अशी प्रथा उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावर होती. नियम कठोर होता खरा. परंतु एकाचा आळस साऱ्या गावाला बुडवत असेल तर सौम्य नियम कसा चालावा? गोव्याच्या गावकरी संस्थेने खाजणांचे बांध सामूहिक जबाबदारी म्हणून सांभाळले, त्याच्याशी या व्यवस्थेची तुलना करण्याजोगी आहे.

पंधराव्या शतकाच्या आरंभी पाणी उपसणारी पवनचक्की आली. ती समृद्धीची खूण म्हणून पर्यटनाच्या पत्रकांवर मिरवते. पुरातत्त्वज्ञाच्या दृष्टीने ती जमीन नदीच्या पातळीखाली गेल्याची पहिली कबुली आहे. किंडरडाइकच्या १९ चक्क्या १९९७ मध्ये जागतिक वारसा ठरल्या. दरम्यान शहरांना इंधन हवे होते म्हणून शेतकरी पाण्याखालचे पीटही ओरबाडून काढू लागले आणि शेतांच्या जागी तलाव झाले. ते तलाव वादळात पसरत गेले, म्हणून नंतर उपसावे लागले. देशातील सर्वांत सखल ठिकाण, समुद्रसपाटीखाली ६.७६ मीटर, हे अशाच उपसलेल्या तलावाच्या तळाशी झाउडप्लास पोल्डरमध्ये आहे.

या संकटाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर चित्र एकांगी होईल. धान्य पिकेनासे झाल्याने हॉलंडचा शेतकरी लोणी आणि चीज विकून बाल्टिक प्रदेशातून आलेले धान्य विकत घेऊ लागला. उरलेला वेळ तो मासेमारी, जहाजबांधणी, विणकाम यांत घालवी. बास फान बाव्हेल आणि यान लाउटेन फान झांडेन या आर्थिक इतिहासकारांनी दाखवले आहे की हॉलंडच्या नागरीकरणाची आणि व्यापाराची झेप १३५० ते १५०० या काळातच सुरू झाली. खचत्या जमिनीने तिला रेटा दिला. माझ्या मते याला पर्यावरणाची देणगी म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. स्वतंत्र शेतकरी, खुला बाजार आणि जवळचा जलमार्ग नसता तर त्याच जमिनीवर उपासमार झाली असती.

आजचा पेच

नेदरलँड्सचा सुमारे २६ टक्के भूभाग समुद्रसपाटीखाली आहे. (आंतरशासकीय हवामानबदल मंडळाच्या २००७ च्या अहवालात ५५ टक्के असा आकडा छापला गेला होता आणि २०१० मध्ये तो दुरुस्त करण्यात आला. समुद्रसपाटीखालील भागात नदीच्या पुराचा धोका असलेला भाग मिळवल्याने तो फुगला होता. जुनी पुस्तके वाचणाऱ्यांनी सावध राहावे.) पीटाची कुरणे आजही वर्षाला साधारण एक सेंटिमीटरने खचत आहेत. इंग्लंडच्या फेन्स प्रदेशात होम येथे १८५१ मध्ये एक लोखंडी खांब जमिनीत असा पुरला की त्याचे टोक जमिनीशी समपातळीत यावे. आज तो सुमारे चार मीटर उघडा आहे.

खचण्याबरोबर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पीटभूमीने जगाच्या जमिनीचा जेमतेम ३ टक्के भाग व्यापला असला तरी तिच्यात जगातील सर्व वनांच्या वनस्पतींपेक्षा अधिक कार्बन साठलेला आहे. इंडोनेशियाने १९९५ नंतर मध्य कालिमंतानमध्ये दहा लाख हेक्टर पीटभूमीवर भातशेतीची योजना आखून हजारो किलोमीटर कालवे खणले. भात फारसे झाले नाही. कोरडे पडलेले पीट १९९७ च्या वणव्यांत पेटले आणि त्याचा धूर शेजारी देशांपर्यंत गेला. हॉलंडला जे व्हायला पाच शतके लागली ते तेथे पाच वर्षांत झाले.

भारतातही हा विषय अगदीच परका नाही. केरळच्या कुट्टनाडमध्ये 'करी' नावाची काळी, आम्लधर्मी जमीन आहे. मल्याळममध्ये करी म्हणजे कोळसा. तिच्यात पुरलेल्या झाडांचे ओंडके सापडतात आणि लोककथा त्यांचा संबंध खांडववनाच्या दहनाशी जोडते. समुद्रसपाटीखालील शेतीची ही पद्धत संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान्य केली.

डच शासनाने २०१९ च्या हवामान करारात पीटाच्या कुरणांतून होणारे उत्सर्जन २०३० पर्यंत वर्षाला दहा लाख टनांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले. उपाय ठाऊक आहे. चरांतील पाणी वर आणायचे. पण ओल्या जमिनीत गाय रुतते आणि यंत्र चालत नाही, म्हणजे दूधउत्पादकाची उपजीविका धोक्यात येते. पाणी अगदी पृष्ठभागापर्यंत आणले तर मिथेन वाढतो. पुरातत्त्वज्ञ पाणी वर यावे या बाजूचा आहे, कारण कोरड्या पीटात लाकूड, चामडे, बीजे झपाट्याने नष्ट होतात. स्कोकलंड या झायडर झीमधील जुन्या बेटाचे उदाहरण बोलके आहे. पुराला कंटाळून १८५९ मध्ये राजाज्ञेने ते रिकामे केले गेले, १९४२ मध्ये भोवतालचा समुद्र उपसला गेल्यावर ते शेतांच्या मध्ये आले आणि १९९५ मध्ये जागतिक वारसा झाले. मात्र आता तेच कोरडे पडून खचू लागल्याने त्याच्या कडेला भूजल मुद्दाम उंच राखलेला पट्टा निर्माण करावा लागला. ज्या बेटावरून माणसांना पाण्यामुळे हलवले, त्याच बेटाचे अवशेष वाचवण्यासाठी पाणी परत आणले गेले.

पाणी किती उंच ठेवायचे, हा निर्णय आजही जलमंडळेच घेतात. शतकानुशतकांच्या विलीनीकरणानंतर ती २१ उरली आहेत. त्यांचे सदस्य मतदानाने निवडले जातात. २०२३ पासून प्रत्येक मंडळात चार जागा मतदानाशिवाय राखीव आहेत. त्यांतील दोन शेतीच्या प्रतिनिधींसाठी आहेत आणि दोन निसर्गसंवर्धनाच्या.